ग्रिब फाइल उघडत नाही, किंवा उघडते पण आकडे चुकतात: दोष कुठे शोधायचा

हवामान अंदाजाची फाइल डिकोड करताना, म्हणजे तिच्यातले आकडे मोकळे करून वाचताना, दोन प्रकारे अडायला होतं. एक तर प्रोग्राम एरर देऊन थांबतो, नाहीतर निमूटपणे आकडे देतो आणि ते आकडे चुकीचे निघतात. पहिल्या प्रकारात निदान काहीतरी बिघडलंय एवढं तरी कळतं. घातक आहे तो दुसरा. नकाशा उलटा वाचला गेला, पाऊस हजारपट कमी दिसला, वाऱ्याची दिशा वीस अंशांनी फिरली, तरी एररची एक ओळही येत नाही. म्हणून इथे अशा मुक्या चुकांना जास्त जागा दिली आहे.

अंदाजाचा बहुतेक डेटा ग्रिब या बायनरी स्वरूपात येतो. हे स्वरूप जागतिक हवामान संघटनेनं ठरवलेलं आहे. त्याच्या दोन आवृत्त्या वापरात आहेत, ग्रिब १ आणि ग्रिब २. ग्रिब फाइल म्हणजे एकामागून एक ठेवलेले स्वतंत्र संदेश. साधारणपणे एका संदेशात एका घटकाचा, एका पातळीवरचा, एका वेळेचा पूर्ण ग्रिड (नकाशावरच्या बिंदूंची जाळी) असतो, उदाहरणार्थ ५०० हेक्टोपास्कलवरचं तापमान, अंदाजाचा २४वा तास. फाइलला स्वतःचं असं शीर्षक किंवा अनुक्रमणिका नसते. दोन ग्रिब फाइली एकमेकींना नुसत्या जोडल्या तरी तिसरी वैध फाइल तयार होते. डिकोड करताना नेमकं काय बिघडतं हे समजायला हे एवढं लक्षात असलं की पुरतं.

एक सूचना: कमांडची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि अंडरस्कोअरसह टाकायची. 'ग्रिब_एलएस', 'ग्रिब_डम्प', 'ग्रिब_कॉपी' ही साधनं युरोपीय मध्यम-पल्ला हवामान अंदाज केंद्राच्या इसीकोड्स या लायब्ररीबरोबर येतात. 'डब्ल्यूग्रिब२' हे अमेरिकेच्या हवामान यंत्रणेचं साधन आहे. दोन्ही मशीनवर असू द्या. दोन वेगळ्या लोकांनी लिहिलेले दोन डिकोडर हाताशी असणं हाच दोष शोधण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

पहिले चार बाइट

एररचा मजकूर वाचत बसण्याआधी फाइलचे सुरुवातीचे बाइट बघा. 'एक्सएक्सडी' किंवा 'हेक्सडम्प' यांपैकी काहीही चालेल. खऱ्या ग्रिब संदेशाची सुरुवात हेक्समध्ये ४७ ५२ ४९ ४२ अशी होते. ही जी, आर, आय, बी या अक्षरांचीच चार बाइट. त्यांच्याजागी ३सी दिसलं, तर ते 'लहान कोन' हे चिन्ह आहे. म्हणजे सर्व्हरनं डेटाऐवजी एररचं वेबपान पाठवलं आणि डाउनलोडच्या स्क्रिप्टनं ते ग्रिबच्या नावानं साठवून ठेवलं. हे फार वेळा घडतं. असं पान बहुतेकदा काही किलोबाइटचंच असतं, त्यामुळे फाइलचा आकार बघितला तरी संशय यायला हवा. १एफ ८बी असेल तर फाइल जीझिपनं दाबलेली आहे. ४२ ५ए ६८ असेल तर बीझिप२नं. दोन्ही बाबतींत आधी फाइल मोकळी करा. ८९ ४८ ४४ ४६ असेल तर ती एचडीएफ५ म्हणजे बहुधा नेटसीडीएफ ४ (हवामान डेटाचं ग्रिबहून वेगळं स्वरूप) आहे, आणि ४३ ४४ ४६ असेल तर जुनी नेटसीडीएफ. या फाइलींना ग्रिबच्या साधनांनी हात लावण्यात अर्थ नाही.

कधी कधी ग्रिब ही चार अक्षरं सुरुवातीला नसतात, पण थोडी पुढे असतात. हवामान खात्यांच्या आपापसांतल्या दूरसंचार जाळ्यातून आलेल्या फाइलींत प्रत्येक संदेशाआधी बुलेटिनचं शीर्षक चिकटलेलं असतं. चांगले डिकोडर ते ओलांडून पुढे जातात. शून्याव्या बाइटपासूनच ग्रिब सुरू होतं असं गृहीत धरलेला घरचा प्रोग्राम मात्र इथेच अडखळतो.

आठवा बाइट आवृत्ती सांगतो, १ किंवा २. दोन्ही आवृत्त्यांत हा आकडा त्याच जागी आहे आणि ही रचना मुद्दाम केलेली आहे. 'डब्ल्यूग्रिब२' फक्त दुसरी आवृत्ती वाचतं आणि त्याचं जुनं भावंड 'डब्ल्यूग्रिब' फक्त पहिली. एकाच फाइलीत दोन्ही आवृत्त्यांचे संदेश मिसळलेले असू शकतात. अशा वेळी अर्धी फाइल दिसते, अर्धी दिसत नाही, आणि लोक डाउनलोडला दोष देत बसतात. इसीकोड्स दोन्ही वाचतं. 'ग्रिब_एलएस'ला 'पी' या पर्यायानं 'एडिशन' ही की (संदेशातल्या एका नोंदीचं नाव) मागितली की कोणता संदेश कोणत्या आवृत्तीचा आहे हे ओळीनं कळतं.

लांबी आणि शेवटचे चार सात

प्रत्येक संदेश स्वतःची एकूण लांबी सुरुवातीलाच सांगतो आणि शेवटी ७७७७ ही चार अक्षरं ठेवतो, हेक्समध्ये ३७ ३७ ३७ ३७. ग्रिब २ मध्ये सुरुवातीचा विभाग १६ बाइटचा असतो आणि ९ ते १६ या आठ बाइटांत लांबी असते. ग्रिब १ मध्ये तो विभाग ८ बाइटचा असतो आणि लांबीला ५ ते ७ असे तीनच बाइट मिळतात. तीन बाइटांत १,६७,७७,२१५ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. मोठ्या ग्रिडसाठी ग्रिब १ अपुरं पडण्याचं हे एक ठोस कारण.

शेवटी ७७७७ सापडत नाही, किंवा वाचताना फाइल मध्येच संपली, अशा अर्थाचा एरर आला की कारण तीनांपैकी एक असतं.

पहिलं कारण म्हणजे डाउनलोड अर्धवट तुटलं. फाइलचा आकार सर्व्हरवरच्या आकाराशी जुळवा. जुळत असूनही फाइल अपुरी असेल, तर सर्व्हरवर ती अजून लिहिली जात असतानाच तुम्ही ती उचलली आहे. अंदाज केंद्रं एकेका तासाची फाइल तयार होईल तशी टाकत जातात, त्यामुळे असं होतं. थोड्या वेळानं पुन्हा आणा.

दुसरं कारण जास्त चकवणारं आहे: फाइल मजकूर समजून हाताळली गेली. एफटीपी मजकुराच्या मोडमध्ये असेल तर ०ए या बाइटजागी ०डी ०ए असे दोन बाइट बसू शकतात. ग्रिबच्या डेटात ०ए हा एक साधा आकडा असतो, ओळीचा शेवट नसतो. परिणामी फाइल मूळ आकारापेक्षा किंचित मोठी होते आणि पहिल्या बदलानंतर सगळं सरकतं. विंडोजवर सी भाषेत फाइल बायनरी मोडमध्ये उघडली नाही, तर आणखी एक गंमत नसलेला प्रकार होतो: १ए हा बाइट फाइलचा शेवट मानला जातो आणि वाचन मध्येच थांबतं. पायथनमध्येही 'आरबी' मोड हवा, नुसता 'आर' नाही. ज्यांनी नमुना फाइली गिटमध्ये ठेवल्या आहेत, त्यांनी ओळींचे शेवट आपोआप बदलण्याची सोय ग्रिबसाठी बंद करावी. मजकुराच्या मोडमध्ये बिघडलेली फाइल दुरुस्त करत बसू नका. मुळात कोणते ०डी होते आणि कोणते नंतर घुसले हे आता ओळखता येत नाही.

तिसरं कारण फाइलचा तुकडा आणताना होतं. अमेरिकेच्या जागतिक मॉडेलच्या, म्हणजे जीएफएसच्या, ग्रिब फाइलींबरोबर 'आयडीएक्स' शेपटीची एक साधी मजकूर फाइल असते. तिच्या प्रत्येक ओळीत संदेशाचा क्रमांक, तो कितव्या बाइटपासून सुरू होतो, आणि घटकाचं नाव असतं. त्यावरून हवा तेवढाच भाग एचटीटीपीच्या रेंज विनंतीनं आणता येतो. इथे शेवटचा बाइट म्हणजे पुढच्या संदेशाच्या सुरुवातीतून १ वजा. एक बाइट कमी आणला तर चारांतला शेवटचा सात गळतो आणि संदेश अवैध होतो. यादीतल्या शेवटच्या संदेशाला पुढची ओळच नसते, म्हणून त्याची रेंज शेवट न सांगता मोकळी ठेवायची. आणि सर्व्हरनं २०६ ऐवजी २०० हे उत्तर दिलं, तर त्यानं रेंज न मानता अख्खी फाइल पाठवली आहे. स्क्रिप्टनं हे तपासलंच पाहिजे.

'आयडीएक्स'मध्ये कधी लागोपाठच्या दोन ओळींचा सुरुवातीचा बाइट एकच दिसतो आणि क्रमांक १२.१, १२.२ असे असतात. ही चूक नाही. ग्रिब २ मध्ये एकाच संदेशात काही विभाग पुन्हा पुन्हा येऊ शकतात, म्हणजे एका पाकिटात दोन घटक बसवता येतात. वाऱ्याचा पूर्व-पश्चिम (यू) आणि उत्तर-दक्षिण (व्ही) घटक असे जोडीनं ठेवण्याची पद्धत आहे. 'पुढची ओळ वजा १' हा नियम इथे उलटी रेंज देतो, म्हणून वेगळा बाइट येईपर्यंत खाली जायचं. वाचतानाही हाच खड्डा आहे. इसीकोड्सची कमांडलाइन साधनं असे बहुघटकी संदेश आपोआप सोडवतात, पण तुम्ही लायब्ररी थेट वापरत असाल तर ती सोय स्वतः चालू करावी लागते. 'वाऱ्याचा यू मिळतो, व्ही सापडत नाही' ही तक्रार जवळजवळ नेहमी इथूनच येते.

दाबलेले आकडे मोकळे करणं

पाकीट शाबूत आहे, तरी आकडे निघत नाहीत. प्रत्येक संदेश क्रमांक दिलेल्या विभागांत वाटलेला असतो. आता त्यातला पाचवा विभाग बघायचा, कारण आकडे कोणत्या पद्धतीनं दाबले आहेत हे तो सांगतो. तिथला साचा क्रमांक ० म्हणजे साधं पॅकिंग, २ म्हणजे गट पाडून केलेलं पॅकिंग, ३ म्हणजे गट पाडून शिवाय शेजारच्या बिंदूंमधला फरक साठवणारं. ४० म्हणजे जेपेग २०००, ४१ म्हणजे पीएनजी, ४२ म्हणजे सीसीएसडीएस. शेवटच्या तिन्हींना डिकोडरबाहेरच्या वेगळ्या लायब्ररी लागतात. जेपेग २०००ला जॅस्पर किंवा ओपनजेपेग, पीएनजीला लिबपीएनजी आणि सीसीएसडीएसला लिबएईसी. डिकोडर बांधताना ती लायब्ररी जोडलेली नसेल तर त्या फाइलीचं शीर्षक, वेळ, घटक, ग्रिड सगळं नीट दिसतं आणि आकडे मागितले की मगच एरर येतो. 'यादी दिसते, डेटा मिळत नाही' हे या दोषाचं नेमकं लक्षण आहे. युरोपीय केंद्राच्या खुल्या डेटात सीसीएसडीएस वापरलं जातं, त्यामुळे जुनी प्रणाली त्या फाइलींवर अडते.

तपास सोपा आहे. 'डब्ल्यूग्रिब२'ला 'कॉन्फिग' पर्याय दिला की ते कशासह बांधलं आहे हे ते सांगतं. 'कोड्स_इन्फो' ही कमांड इसीकोड्सची आवृत्ती आणि त्याच्या तक्त्यांचा मार्ग दाखवते. एकाच मशीनवर इसीकोड्स दोनदा असणं अगदी सामान्य आहे, एक सिस्टीमचं आणि एक पायथनच्या वातावरणातलं. कमांडलाइनवर फाइल उघडते आणि पायथनमध्ये उघडत नाही, असं झालं तर दोन्हीकडची आवृत्ती वेगवेगळी तपासा. पायथनच्या बाजूनं 'इसीकोड्स' मॉड्यूल 'सेल्फचेक' या शब्दासह चालवलं की उत्तर मिळतं.

दोष पॅकिंगचाच आहे याची खात्री करायला 'ग्रिब_सेट'ला 'आर' पर्याय देऊन 'पॅकिंगटाइप' ही की 'ग्रिड_सिंपल' करा आणि नवी फाइल लिहा. 'आर' विसरलात तर आकडे नव्यानं बांधले जाणार नाहीत. ही नवी फाइल जुन्या प्रोग्राममध्ये उघडली, म्हणजे निदान पक्कं. फाइल फुगेल, पण काम अडणार नाही.

आता स्वतः डिकोडर लिहिणाऱ्यांसाठी, कारण सर्वात जास्त वेळ इथेच जातो. साध्या पॅकिंगचं सूत्र एका ओळीचं आहे: खरा आकडा = (आर + एक्स × २ चा ई घात) ÷ १० चा डी घात. आर हा संदर्भ आकडा, एक्स हा साठवलेला पूर्णांक, ई द्विमान घातांक, डी दशमान घातांक. समजा आर २१०५, ई वजा २, डी १ आणि एक्स ३५६० आहे. ३५६० ला ०.२५ नं गुणलं की ८९०. त्यात २१०५ मिळवले की २९९५, आणि १० नं भागलं की २९९.५ केल्विन, म्हणजे २६.३५ अंश सेल्सिअस.

सापळा त्या वजा २ मध्ये आहे. ग्रिबमध्ये ऋण संख्या संगणकाच्या नेहमीच्या टूज-कॉम्प्लिमेंट पद्धतीनं लिहिलेल्या नसतात. सगळ्यात डावा बिट म्हणजे चिन्ह आणि उरलेले बिट म्हणजे किंमत. वजा २ हे दोन बाइटांत ८० ०२ असं दिसतं. नेहमीच्या पद्धतीनं वाचलं तर ते वजा ३२,७६६ होतं, २ चा तो घात शून्यच धरला जातो, आणि वरच्या उदाहरणात जगातल्या प्रत्येक बिंदूवर २१०.५ केल्विन येतं. चिन्ह न मानता वाचलं तर ३२,७७० होतं आणि आकडे अनंतात जातात. अख्खा नकाशा एकाच रंगाचा दिसला किंवा सगळीकडे अनंत आलं, की आधी हा बिट बघा. अक्षांश-रेखांशांनाही हाच नियम आहे. दक्षिण गोलार्धाचे अक्षांश अब्जांत यायला लागले तर कारण हेच.

संदर्भ आकडा आर हा ग्रिब २ मध्ये नेहमीचा आयईईई ३२-बिट दशांश आहे, ग्रिब १ मध्ये मात्र जुन्या आयबीएम पद्धतीचा. ग्रिब १चा डिकोडर ग्रिब २साठी वाढवताना हा फरक हमखास निसटतो. बाइटांचा क्रम सगळीकडे मोठा बाइट आधी असा असतो.

प्रत्येक बिंदूला किती बिट, हा आकडा ० असू शकतो. म्हणजे सगळ्या बिंदूंवर एकच किंमत आहे आणि सातव्या विभागात डेटाच नाही. मर्यादित प्रदेशाच्या फाइलीत हिमवर्षाव शून्य असेल तर असं होतं. जेपेग डिकोडरकडे अशी रिकामी पट्टी गेली की तो कोसळतो, म्हणून ही तपासणी आधीच करायची.

साध्या पॅकिंगची पडताळणी बोटावर करता येते. पाव अंशाच्या जागतिक ग्रिडमध्ये १४४० × ७२१ म्हणजे १०,३८,२४० बिंदू असतात. बिंदूला १२ बिट असतील तर १५,५७,३६० बाइट. विभागाच्या शीर्षकाचे ५ मिळवले की सातव्या विभागाची लांबी १५,५७,३६५ यायला हवी. येत नसेल तर बहुतेक बिटमॅप आहे.

गटांच्या पॅकिंगमध्ये आधी सगळ्या गटांचे संदर्भ आकडे, मग रुंदी, मग लांबी आणि शेवटी प्रत्यक्ष आकडे येतात. प्रत्येक यादी संपली की पुढच्या पूर्ण बाइटपर्यंत रिकामे बिट भरलेले असतात. ते ओलांडायला विसरलं की पुढचं सगळं तिरपं होतं. शेवटच्या गटाची खरी लांबीही वेगळी दिलेली असते. साचा ३ मध्ये फरकांची बेरीज करत जायचं असल्यामुळे एक चूक तिथेच थांबत नाही. दुसऱ्या दर्जाच्या फरकांत एका बिंदूवर १ नं चुकलं तर पुढचे बिंदू १, २, ३ असे वाढत्या अंतरानं चुकत जातात. नकाशाचा वरचा भाग नीट आणि एका ठिकाणापासून खाली सगळा कचरा, असं चित्र दिसलं तर दोष त्या रेषेच्या सुरुवातीला शोधायचा.

बिटमॅप आणि गायब बिंदू

समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान जमिनीवर नसतं. अशा बिंदूंसाठी सहाव्या विभागात बिटमॅप असतो: प्रत्येक बिंदूला एक बिट, १ म्हणजे आकडा आहे, ० म्हणजे नाही. सातव्या विभागात फक्त असलेले आकडे सलग भरलेले असतात. बिटमॅप न बघता ते ग्रिडवर ओतले तर समुद्राचं पाणी खंडांवर चढतं आणि शेवटचे बिंदू रिकामे राहतात. या विभागाच्या सहाव्या बाइटात २५५ असेल तर बिटमॅप नाही, ० असेल तर इथेच दिलेला आहे, २५४ असेल तर त्याच संदेशात आधी येऊन गेलेला वापरायचा. गटांच्या पॅकिंगमध्ये बिटमॅप नसतानाही आकड्यांमध्येच 'गायब'ची खूण दडलेली असू शकते.

गायब बिंदूच्या जागी इसीकोड्स मुळात ९९९९ देतं, तर 'डब्ल्यूग्रिब२' ९.९९९ गुणिले १० चा २० वा घात. सरासरी काढण्याआधी ते गाळा. समुद्राच्या तापमानाची सरासरी काही हजार केल्विन आली तर उघडपणे कळतं. पण मोठ्या प्रदेशात एक-दोनच बिंदू गायब असतील तर सरासरी थोडीशीच वाढते आणि कुणाच्याच लक्षात येत नाही.

आकडे बरोबर, जागा चुकीची

ग्रिडवर आकडे कोणत्या क्रमानं मांडले आहेत हे स्कॅनिंग मोड सांगतो. मोड ० म्हणजे वायव्य कोपऱ्यापासून पूर्वेकडे आणि मग ओळीओळीनं दक्षिणेकडे. मोड ६४ म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे. 'डब्ल्यूग्रिब२' आकडे बाहेर देताना आपणहून दक्षिण-उत्तर क्रम लावतं, मूळ फाइल उत्तर-दक्षिण असली तरी. इसीकोड्स फाइलमधला मूळ क्रमच देतं. एका साधनाचा कोड दुसऱ्याच्या आकड्यांवर चालवला की नकाशा उलटा होतो, आणि पृथ्वी दोन्हीकडून सारखीच गोल असल्यामुळे प्रोग्रामला त्यात काही वावगं दिसत नाही.

पाव अंशाच्या जागतिक ग्रिडवर ३० उत्तर, ९० पश्चिम हा बिंदू हवा आहे. मोड ० मध्ये ओळ (९० − ३०) ÷ ०.२५ = २४०. रेखांश ० ते ३६० असे मोजलेले असतील तर ९० पश्चिम म्हणजे २७०, आणि स्तंभ १०८०. शून्यापासून मोजलेला क्रमांक २४० × १४४० + १०८० = ३,४६,६८०. मोड ६४ मध्ये तोच बिंदू ४८०व्या ओळीत, म्हणजे ६,९२,२८० वर जातो. चुकीचा क्रम धरला तर थेट ३० दक्षिणेचा आकडा मिळतो. आणि रेखांश वजा ९० असाच धरला तर स्तंभ वजा ३६० येतो, क्रमांक ३,४५,२४० होतो आणि कुरकुर न होता एक ओळ वरचा, ३०.२५ उत्तरेचा आकडा मिळतो.

मोडमध्ये १६ मिळवलेला असेल, जसं ८०, तर एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि पुढची उजवीकडून डावीकडे असते, नांगरणीसारखी. हे न पाळता काढलेल्या नकाशात किनारपट्टीला करवतीसारखे दाते दिसतात आणि आडवे पट्टे येतात.

या सगळ्या गोंधळावर एक उत्तम चाचणी आहे. तापमानाचा नकाशा काढून तपासू नका, तो उलटा असला तरी पटकन कळत नाही. त्याच फाइलीतला जमीन-समुद्र मुखवटा किंवा भूभागाची उंची काढा. खंड जागेवर दिसले की क्रम आणि रेखांश एकदमच तपासून झाले. नवीन स्रोताचा डेटा हातात आल्यावर पहिलं काम हेच असावं, हा आग्रह आहे.

प्रादेशिक मॉडेलांच्या लॅम्बर्ट प्रक्षेपणातल्या ग्रिडवर वाऱ्याची आणखी एक गोष्ट सांभाळायची. तिसऱ्या विभागात एक ध्वज असतो. त्यातला ८ किमतीचा बिट चालू असेल तर यू आणि व्ही हे खऱ्या पूर्व-उत्तरेला धरून नाहीत, ग्रिडच्या अक्षांना धरून आहेत. वाऱ्याचा वेग बरोबर येतो, दिशा मात्र प्रक्षेपणाच्या मध्य रेखांशापासून दूर जावं तशी जास्त चुकत जाते. दिशा काढण्याआधी घटक फिरवून घ्या. याच ग्रिडमध्ये पृथ्वीची त्रिज्याही फाइलच सांगते. कोड ६ म्हणजे ६३,७१,२२९ मीटर, कोड ० म्हणजे ६३,६७,४७० मीटर. नकाशाच्या लायब्ररीची आपली त्रिज्या वापरली तर बिंदू सरकतात.

एका ओळीतल्या बिंदूंची संख्या ४,२९,४९,६७,२९५ दिसली तर घाबरू नका. सगळे बिट १ म्हणजे 'लागू नाही'. तो रिड्यूस्ड गॉसियन ग्रिड आहे: ध्रुवाकडच्या ओळींत बिंदू कमी, विषुववृत्ताकडे जास्त, आणि प्रत्येक ओळीची संख्या वेगळ्या यादीत. तो आयत समजून वाचता येत नाही. सीडीओ या साधनानं आधी नियमित ग्रिडवर आणा.

नाव, पातळी, वेळ, एकक

फाइलीत 'तापमान' हा शब्द कुठेही नसतो. असतात फक्त आकडे: शाखा ०, वर्ग ०, क्रमांक ० म्हणजे तापमान. शाखा ०, वर्ग २, क्रमांक २ म्हणजे वाऱ्याचा यू. नावं डिकोडर स्वतःच्या तक्त्यांतून देतो. १९२ ते २५४ हे क्रमांक प्रत्येक केंद्राला स्वतःसाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणजे तोच क्रमांक दोन केंद्रांत दोन वेगळ्या गोष्टी सांगू शकतो. 'अननोन' असं नाव दिसलं तर आकडे बिघडलेले नाहीत, तक्ता अपुरा आहे. लायब्ररी नवी करा, किंवा त्या केंद्राचे स्वतःचे तक्ते असतील तर इसीकोड्सला त्यांचा मार्ग द्या. मार्ग देताना मूळ तक्त्यांचा मार्गही सोबत ठेवा. नाहीतर 'बूट.डेफ' सापडत नाही असा एरर येतो आणि मग काहीच उघडत नाही.

पातळी दोन आकड्यांत असते, गुणक आणि किंमत. दाबाची पातळी पास्कलमध्ये, म्हणून ५०० हेक्टोपास्कल हे ५०,००० असं दिसतं. जमिनीतली ०.१ मीटर खोली ही गुणक २, किंमत १० अशी लिहिता येते. फक्त किंमत बघणारा कोड तिला १० मीटर समजतो. पायथनच्या सीएफग्रिब या लायब्ररीमध्ये २ मीटरवरचं तापमान आणि १० मीटरवरचा वारा एकत्र उघडायला गेलं की उंचीचे दोन वेगळे आकडे एका चौकटीत बसत नाहीत, आणि काही घटक गाळल्याचा इशारा येतो. पातळीचा प्रकार आणि उंची गाळणीत देऊन फाइल तुकड्यांत उघडा. सीएफग्रिब स्वतःची एक 'आयडीएक्स' फाइल शेजारी ठेवतं. ती सर्व्हरवरच्या 'आयडीएक्स'हून पूर्णपणे वेगळी आहे. त्याच नावानं नवी ग्रिब फाइल ठेवल्यावर विचित्र वागणूक दिसली तर ती आधी उडवा.

वेळ नेहमी यूटीसीमध्ये असते: संदर्भ वेळ अधिक अंदाजाचा अवधी. अवधीचं एकक तासच असेल असं नाही, १ म्हणजे तास, ० म्हणजे मिनिट. पाऊस किंवा सरासरी यांसारख्या कालखंडाच्या घटकांत, म्हणजे चौथ्या विभागाच्या साचा ८ मध्ये, हा अवधी कालखंडाची सुरुवात दाखवतो आणि शेवट वेगळा लिहिलेला असतो. सुरुवातीलाच वेळ मानलं तर पाऊस सहा तास आधी पडलेला दिसतो.

पावसाचं साठवणं केंद्राकेंद्राचं वेगळं. युरोपीय केंद्र अंदाजाच्या सुरुवातीपासूनची एकूण बेरीज देतं आणि तीही मीटरमध्ये. ०.०१२४ म्हणजे १२.४ मिलिमीटर. जीएफएस किलोग्रॅम प्रति चौरस मीटर देतं, ते थेट मिलिमीटर असतात. पण त्याची बेरीज दर सहा तासांनी शून्यापासून सुरू होते: नवव्या तासाच्या फाइलीत ६ ते ९ तासांचा पाऊस, बाराव्यात ६ ते १२चा. ९ ते १२चा हवा असेल तर बाराव्यातून नववा वजा करा. नवव्यातून सहावा मात्र वजा करायचा नाही. शिवाय सुरुवातीपासूनच्या एकूण बेरजेचा वेगळा संदेशही त्या फाइलींत असू शकतो. नाव दोघांचं एकच, त्यामुळे कालखंड बघूनच निवडा. वजाबाकीनंतर वजा ०.०१ सारखे बारीक ऋण आकडे येतात ते पॅकिंग करताना आकडे जवळच्या किमतीला आणल्यामुळे. ते शून्य करायला हरकत नाही. मोठा ऋण आकडा आला तर मात्र कालखंड चुकला आहे.

सौर प्रारणातही असंच. युरोपीय केंद्र ज्यूल प्रति चौरस मीटर अशी बेरीज देतं. तीन तासांचा फरक १०,८०० सेकंदांनी भागला की सरासरी वॅट मिळतात. जीओपोटेन्शियल ९.८०६६५ नं भागलं की उंची.

तरीही उत्तर सापडलं नाही तर

'ग्रिब_कॉपी'ला 'डब्ल्यू' पर्यायानं 'काउंट' देऊन संशयित संदेश एकटाच वेगळ्या फाइलीत काढा. 'ग्रिब_डम्प'ला मोठा 'ओ' पर्याय दिला की तो बाइटाबाइटानं, मानक दस्तऐवजाच्या क्रमानं उलगडतो. मग एका ठरावीक बिंदूचा आकडा दोन्ही साधनांतून काढा: 'ग्रिब_एलएस'मध्ये 'एल' पर्यायाला अक्षांश आणि मग रेखांश, 'डब्ल्यूग्रिब२'मध्ये 'लॉन' पर्यायाला आधी रेखांश आणि मग अक्षांश. हा उलटा क्रम लक्षात ठेवा. दोन्हींचं उत्तर एक आणि तुमचं वेगळं, तर दोष तुमच्या कोडात. दोन्हींचं उत्तर तुमच्यासारखंच, पण हवामानाच्या दृष्टीनं अशक्य, तर डिकोडिंग ठीक आहे. एकक, पातळी किंवा कालखंड पुन्हा वाचा. दोन साधनंच एकमेकांशी जुळत नसतील, तर त्यांच्या आवृत्त्या आणि हा एकटा संदेश, एवढं सोबत जोडून डेटा देणाऱ्या केंद्राला कळवा. पूर्ण फाइल पाठवायची गरज नसते.